छोटा त्सु आणि हवालदारांचे दो-तीन

कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या सेवारस्त्यालगत बॅटऱ्यांचे एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर मी नऊ वर्षे जपानी शिकवते आहे. जिन्याच्या तोंडाशी पाटी आहे, तरी महिन्यातून एखादा माणूस बॅटरी विचारायला वर येतोच. एकदा एक शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. वर्ग चालू होता. त्याने फळ्यावरची अक्षरे नीट पाहून घेतली आणि दाराजवळच्या विद्यार्थ्याला विचारले, "कंपनी जपानी हाय व्हय? मग वारंटी किती देत्यात?"

त्याआधी एकोणीस वर्षे मी सांगलीत एका दैनिकात उपसंपादक होते. दुसऱ्याने लिहिलेली बातमी नीट करायची, लांबली असेल तर कापायची, मथळा द्यायचा आणि पानात बसवायची, असे ते काम. जपानी मी हौसेने, रविवारी पुण्याला जाऊन शिकले होते. आवृत्तीतली माणसे कमी झाली तेव्हा ही हौस पोटापाण्याला आली. डेस्कवरच्या दोन सवयी मात्र सोबत आल्या. एक, अक्षराच्या आकारावर नजर ठेवण्याची. दुसरी, मोकळी जागा दिसली की ती भरून टाकण्याची. पहिलीचा वर्गात उपयोग झाला. दुसरीने नुकसान केले, आणि ते माझ्या लक्षात यायला सहा वर्षे लागली.

माझ्याकडे येणारी माणसे भाषेच्या ओढीने येत नाहीत. त्यांना जपानला जाऊन काम करायचे असते. आयटीआय झालेले वेल्डर असतात, गोठ्याचे काम घेणारी मुले असतात, आणि अलीकडे सर्वांत जास्त नर्स असतात. तिकडे वयस्कर माणसांच्या निवासांत परिचर हवे असतात. भाषेची परीक्षा, मग मालकाची मुलाखत, मग व्हिसा, असा रस्ता आहे. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या माझ्या वर्गातून चढायच्या असतात.

भाषा अवघड आहे का, असे लोक विचारतात. चिनी वळणाची चित्राक्षरे अवघड आहेत, त्यांना वर्षे जातात. पण मी सर्वांत जास्त वेळ ज्या अक्षरावर घालवला, त्याचा उच्चारच होत नाही.

जपानीच्या हिरागाना लिपीत शेहेचाळीस मूळ अक्षरे आहेत. त्यांतले एक 'त्सु'. हेच अक्षर लहान करून दोन अक्षरांच्या मध्ये लिहिले की ते म्हणायचे नसते. मग लिहायचे कशाला, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत पहिल्या आठवड्यात येतो. लिहायचे, कारण ते पुढच्या व्यंजनाला धरून ठेवते. 'किते' म्हणजे 'ये'. मध्ये लहान त्सु आला की 'कित्ते', म्हणजे टपालाचे तिकीट. 'ओतो' म्हणजे आवाज, 'ओत्तो' म्हणजे नवरा. एका तुकडीत हे सांगितल्यावर मागून एक नर्स म्हणाली, "मॅडम, आमच्यात दोन्ही एकच हाय. गाडी दारात यायच्या आदी आवाज घरात येतोय."

वाचताना अडचण आकाराची असते. मोठा त्सु आणि लहान त्सु यांत दहा पॉइंट आणि सात पॉइंटच्या टाइपाइतका फरक. आडव्या ओळीत लहान त्सु खाली, डावीकडे सरकून बसतो. उभ्या ओळीत तो वर, उजव्या कोपऱ्यात जातो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तो लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतो. नवशिका त्याला मोठा समजून वाचतो आणि वाक्य कोसळते. म्हणून पहिल्या आठवड्यात मी वाचायला लावतच नाही. पान द्यायचे, त्यातले सगळे लहान त्सु शोधायचे आणि लाल पेनने गोल करायचे. मुद्रिते तपासण्याचीच ही पद्धत आहे.

जतकडचा महादेव खरात या कामात सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या आज्यापर्यंत घरात फक्त मेंढरे होती. आता डाळिंबे आहेत आणि थोडी मेंढरेही. पान हातात पडले की अर्ध्या मिनिटात तो सगळ्या खुणा टिपायचा. कसे जमते, असे विचारले. म्हणाला, "मॅडम, शंभर मेंढरांत लंगडं कुठलं ते आमाला उभ्या उभ्या कळतंय. आन ती पळत असत्यात. ही तर पानावर गपगार बसल्यात."

उच्चारासाठी मी एक सोपी वाट काढली होती. मराठीत जोडाक्षरे आहेत. पक्का, कच्चा, सत्तर. दुसऱ्या देशांतल्या लोकांना जे महिनोन्‌महिने जमत नाही ते आपल्याला जन्मापासून येते, असे मी प्रत्येक तुकडीला सांगत असे. फळ्यावर 'साक्का' लिहायचे, म्हणजे लेखक. शेजारी 'पक्का' लिहायचे. दोन्ही एकदा म्हणून घ्यायचे आणि पुढच्या धड्याला जायचे. पुण्यातले शिक्षक या धड्याला दोन आठवडे घेतात असे कळले तेव्हा मला थोडा अभिमान वाटला होता.

त्यातली चूक सांगते. जपानीत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो, लहान त्सुलासुद्धा. 'साक्का' हा शब्द लिहायला तीन अक्षरे आणि म्हणायला तीन ठोके. सा, मग एक रिकामा ठोका, मग का. त्या रिकाम्या ठोक्यात जीभ 'क'च्या जागी जाऊन बसलेली असते, पण सुटत नाही. देवनागरीत लिहिले की हा शब्द दोन अक्षरांत बसतो आणि तो ठोका दिसेनासा होतो. वृत्तात आपण त्याची मात्रा मोजतो, बोलताना मोजत नाही. त्यातून आमच्याकडचे बोलणे मुळात वेगाचे. मी ती रिकामी जागा भरून टाकली होती आणि शिकवतही तसेच होते. परीक्षेत हे उघडे पडत नव्हते, कारण त्या परीक्षेत वाचायचे आणि ऐकायचे असते, बोलायचे नसते. विद्यार्थी उत्तीर्ण होत होते.

पहिला आक्षेप महाबळेश्वरच्या विलास ढेबे यांनी घेतला. त्यांची टॅक्सी आहे. एका कंपनीचे जपानी पाहुणे त्यांच्याकडे वरचेवर येत, तेवढ्यापुरते बोलता यावे म्हणून ते पन्नाशीनंतर वर्गाला आले. पावसाळ्यात तिकडे गिऱ्हाईक नसते, म्हणून जून ते सप्टेंबर. मी त्यांना 'मास्सुगु' शिकवले, म्हणजे सरळ. ते म्हणाले, "मॅडम, पसरणीच्या घाटात सरळ जा हे शिकून काय करू? पावणं दरीत जातील." मग 'चोत्तो मात्ते' शिकवले, म्हणजे जरा थांबा. हे त्यांना आवडले. पण ते 'चो' म्हणून गच्चकन थांबत, डोळे मोठे करत आणि मग 'त्तो' म्हणत. सगळा वर्ग हसायचा. मी त्यांना सांगितले, इतके थांबू नका.

"थांबायचं न्हाई तर ही बारकी खूण काढलीया कशाला?" ढेबे म्हणाले. "वळणावर पाटी हाय, हळू चालवा. आन तुमी म्हणताय, पाटी बघा पण ब्रेकवर पाय देऊ नका."

वर्ग पुन्हा हसला, मीही हसले आणि धडा पुढे नेला. ढेबे बरोबर होते. त्यांनी सप्टेंबरनंतर येणे बंद केले आणि मीही त्या प्रश्नाकडे परत गेले नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी रोहिणी जगदाळे वर्गात आली. खटाव तालुक्यातली. कराडच्या एका रुग्णालयात सहा वर्षे नर्स होती. तेव्हा वय अठ्ठावीस. अभ्यासात अशी की तिची वही मी पुढच्या तुकड्यांना दाखवते. मंगळवारी आणि गुरुवारी ड्युटी संपवून ती वर्गाला यायची. वर्ग सुटेपर्यंत गावाकडची सोयीची एसटी निघून गेलेली असायची, म्हणून तिचे वडील मोटारसायकल घेऊन न्यायला येत. निवृत्त हवालदार बाजीराव जगदाळे. ते लवकर येत आणि वर्गाबाहेरच्या गच्चीत खुर्चीवर बसून राहत. पाठ खुर्चीला टेकत नसे, टोपी गुडघ्यावर असे. वर्षभरात 'नमस्कार मॅडम' आणि 'येतो मॅडम' यापलीकडे आमचे बोलणे झाले नव्हते.

रोहिणी परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. मग सांगलीत, उमेदवारांना जपानला पाठवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात, संगणकाच्या पडद्यावर, एका वृद्धनिवासाने तिची मुलाखत घेतली. आठवड्याने नकार आला. कारण दोन वाक्यांत होते, ते मीच तिला भाषांतर करून वाचून दाखवले. उमेदवाराचे ज्ञान चांगले आहे. मात्र बोलण्यातली घाई पाहता आमच्या वयस्कर मंडळींना तिच्याबरोबर सुरक्षित वाटेल का, याची शंका आहे.

"घाई कुठं केली मी?" रोहिणी म्हणाली. "सगळं बरोबर सांगितलं की, मॅडम."

संस्थेकडून मुलाखतीचे ध्वनिमुद्रण मागवले. ती बोलली होती आठ मिनिटे. ते मी जपानीत लिहून काढले आणि लाल पेन घेतले. लहान त्सु एकेचाळीस निघाले. त्यांतल्या एकालाही पूर्ण ठोका मिळाला नव्हता.

परिचराच्या कामात ही खूण पावलोपावली येते. मात्ते म्हणजे थांबा. तात्ते म्हणजे उभे राहा. सुवात्ते म्हणजे बसा. सावकाशला युक्कुरी, घट्टला शिक्कारी. रोहिणी हे शब्द एका दमात सोडत होती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला 'सावकाश उभे राहा' हे जर घाईने सांगितले, तर तो सांगण्यावर नाही, घाईवर विश्वास ठेवतो. निवासातल्या लोकांना एखादा शब्द कळला नाही असे झालेच नव्हते. त्यांनी तिच्या बोलण्याचा वेग पाहून तिच्या हातांचा वेग ठरवला होता.

दोष तिचा नव्हता. मी शिकवले तसे ती बोलली होती. हे तिला सांगायला मी दोन दिवस घेतले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता?"

दुसऱ्या एका निवासाची मुलाखत सहा आठवड्यांवर होती. त्यांची अट तिसाच्या आतल्या वयाची होती आणि रोहिणीला तीस पूर्ण व्हायला तीन महिने राहिले होते. घरीही एक स्थळ थांबलेले होते. हवालदारांनी त्यांच्याकडे दीड महिन्याची मुदत मागितली होती. मुलाकडच्यांना सून नोकरीवाली नको होती. रोहिणीने हे एकदाच सांगितले, वही भरता भरता. "ही संधी गेली तर पुढं मला कोण इचारणार न्हाई, मॅडम. आन मीबी कुणाला इचारणार न्हाई."

मी पुण्याच्या पद्धती काढल्या. टाळीवर अक्षरे म्हणायला लावली. रोहिणीच्या टाळ्याच घाईच्या पडायच्या. मग तोंडासमोर कागदाची पट्टी धरली. रिकाम्या ठोक्यात श्वास अडतो, त्यामुळे पट्टी हलता कामा नये. पट्टी हलली नाही, पण तिने तो ठोका अर्धाच ठेवला. शेवटी ढेब्यांचा ब्रेक आठवला. तो सांगितल्यावर ती थांबू लागली, पण पुढचे अक्षर असे सुटायचे की ऐकणारा दचकावा.

महादेव म्हणाला, "रोहिणीताई, ब्रेक लागतोय खरं. पण मागच्या शीटवरची म्हातारी पुढं यिऊन पडली."

"गप रं," ती म्हणाली. "मेंढरं मोज तुजी."

पण तिचे डोळे भरले होते आणि ते वर्गाने पाहिले. त्या दिवशी पुढे कोणी हसले नाही.

त्या गुरुवारी हवालदार पहिल्यांदा दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, आत येऊ का?"

"या ना."

"ह्या भाषेत माझं काय डोकं चालत न्हाई," ते म्हणाले. "पण तीन हप्तं भाईर बसून ऐकतोय. हा रंगरूटाचा आजार हाय."

"कसला आजार?"

"दो-तीन खायाचा."

हवालदार नोकरीतली सात वर्षे प्रशिक्षण केंद्रात कवायतीचे उस्ताद होते. नवीन भरती झालेल्या रंगरूटाला सलामी शिकवताना त्याच्याकडून मोठ्याने म्हणून घेतात, एक, दो-तीन, एक. पहिल्या 'एक'ला हात वर जातो. 'दो-तीन'ला काहीही करायचे नसते. दुसऱ्या 'एक'ला हात खाली येतो. नवा माणूस मधला दो-तीन गिळून टाकतो आणि सगळ्या रांगेच्या आधी त्याचा हात खाली येतो.

"त्याला वाटतंय, दो-तीनला काय काम न्हाई, मग थांबायचं कशाला," हवालदार म्हणाले. "आवं, तितंच तर काम हाय. हात टोपीपशी, ताठ. तवा हलायचं न्हाई. हात वर न्यायला कुणालाबी येतंय, मॅडम. ठिवायला येत न्हाई."

"किती दिवस लागतात हे जायला?"

"दोन म्हैनं. ही माझी पोरगी हाय म्हटल्यावर तीन."

"आण्णा!" रोहिणी म्हणाली.

आमच्याकडे सहा आठवड्यांतले तीन उरले होते. हवालदारांनी दुसऱ्या दिवसापासून रोज यायचे ठरवले आणि रोहिणीने रुग्णालयात ड्युट्या बदलून घेतल्या. सगळ्या वर्गाला त्यांनी गच्चीत रांगेत उभे केले. एकट्या माणसाला दो-तीन शिकवता येत नाही, बाजूचा थांबलेला दिसावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. मी पण रांगेत उभी राहिले. पहिल्या 'एक'ला 'ता' म्हणायचे. मग सगळ्यांनी मोठ्याने दो-तीन. पुढच्या 'एक'ला 'ते'.

"ता!" "दो-तीन!" "ते!"

तिसऱ्या फेरीला बॅटरीवाले वर आले. "मॅडम, भांडणं लागल्यात का?" रांग पाहून ते तसेच खाली गेले.

दहा मिनिटांनी हवालदारांनी विचारले, "ह्या शब्दाचा अर्थ तरी काय?"

"उभं राहा," रोहिणी म्हणाली.

"मग बरोबर हाय. पोझिशन घ्या."

पहिला आठवडा दो-तीन तोंडाने झाले. दुसरा आठवडा ओठ न हलवता, मनात. तिसऱ्या आठवड्यात फक्त बोटाने: हात सावधानमध्ये, अंगठा सलवारीच्या शिवणीवर, आणि रिकाम्या ठोक्याला त्याने एकदा शिवण दाबायची. चूक झाली की हवालदार ओरडत नसत. फक्त म्हणत, "खाल्लं." मग ती पुन्हा सुरुवात करायची.

मी घड्याळ लावून पाहिले. हवालदारांचा दो-तीन जपानी ठोक्यापेक्षा बराच मोठा होता. तसे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "आदी मोठाच शिकवायचा, मॅडम. ल्हान आपोआप हुतोय. ल्हान शिकवला तर काईच ऱ्हात न्हाई." एकोणीस वर्षे मजकूर कापलेल्या माणसाने टिपून ठेवावे असे हे वाक्य आहे. मी टिपून ठेवले आहे.

मुलाखत शनिवारी सकाळी, माझ्याच वर्गात होती. बॅटरीवाल्यांना आदल्या दिवशी विनंती केली होती, त्यांनी तासभर हॉर्न तपासले नाहीत. पडद्यावर निवासाचे व्यवस्थापक आणि दोन परिचारिका होत्या. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, भिंतीशी बसले. मला बोलायची परवानगी नव्हती. हवालदार गच्चीत होते. त्या दिवशी त्यांनी खुर्ची घेतली नव्हती.

पहिली दहा मिनिटे नेहमीचे प्रश्न झाले. रोहिणीने एके ठिकाणी एक ठोका अर्धवट ठेवला, ते तिचे तिलाच कळले, आणि तिने ते वाक्य न सुधारता पुढचे सावकाश म्हटले. मग पडद्यावरची मोठी परिचारिका, केस पांढरे झालेली, खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, मी शहाऐंशी वर्षांची आहे असे समजा. माझे दोन्ही गुडघे दुखतात. मला उठवा.

रोहिणी उभी राहिली. थोडी वाकली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "युक्कुरी, तात्ते कुदासाई." सावकाश, उभ्या राहा. मी मोजत होते. दोन्ही ठोके पूर्ण होते.

ती बाई उठली नाही. हलली नाही, बोलली नाही. चित्र गोठले की काय, म्हणून मी पडद्याकडे पाहिले. तिच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होते आणि त्याचा सेकंदकाटा फिरत होता. लाइन चालू होती. चार सेकंद गेले, सहा गेले. अशा वेळी कोणीही वाक्य पुन्हा म्हणतो. माझ्या तर ओठांपर्यंत आले होते. डेस्कवर मोकळ्या जागेला जे केले असते तेच मी केले असते.

रोहिणी बोलली नाही. तिचे हात तसेच पुढे होते, त्यामुळे या वेळी शिवणीवर बोट नव्हते. तिची मान खाली-वर झाली नाही. ती त्या बाईच्या गुडघ्यांकडे पाहत होती. गच्चीच्या खिडकीतून मला हवालदारांची पाठ दिसत होती, सावधानमध्ये. ते आत पाहत नव्हते, तरी शांतता त्यांनाही ऐकू येत असणार.

नऊ सेकंदांनी त्या बाईने हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठायला सुरुवात केली. रोहिणीचे हात तिच्या वेगाने वर गेले, जणू मधले समुद्र नव्हतेच. पूर्ण उभी राहिल्यावर ती बाई व्यवस्थापकांकडे वळून म्हणाली, "बहुतेक जण इथे दुसऱ्यांदा सांगतात." त्यांनी काहीतरी लिहून घेतले. मुलाखत तिथे संपली.

निवडीचे पत्र अकराव्या दिवशी आले. हवालदारांनी त्याच दिवशी मुलाकडच्यांना फोन केला. तो त्यांनी माझ्या गच्चीतूनच केला, म्हणून मला माहीत आहे. "पोरीची निवड झाली. पुढचं ती ठरवंल. तुमी थांबलात, उपकार झालं," एवढेच बोलले. दुसऱ्या दिवशी साताऱ्याचे कंदी पेढे आणले. पहिला बॅटरीवाल्यांना दिला, कारण हॉर्न.

"उस्ताद, आमाला काय मुलाखत नव्हती, तरीबी तीन आठवडे उनात उभं केलं," महादेव म्हणाला. "मला दोन पायजेत."

"घे," हवालदार म्हणाले. "पण एक खाल्ल्यावर थांब. दो-तीन म्हन. मग दुसरा."

रोहिणीला जाऊन आता दोन वर्षे झाली. महादेवही गेला, एका गोठ्यावर आहे, आणि कळवतो की तिथल्या गाईंना जपानीची सवय असली तरी मराठीत हाक मारली तरच त्या वळतात. फळ्यावरचा 'पक्का' मी पुसला. लहान त्सुच्या धड्याला आता दोन आठवडे लागतात. रविवारी सांगलीत मी आणखी एक तुकडी घेते, तिलाही तोच नियम आहे, तिथे हवालदार नसले तरी. ढेब्यांना फोन करून सांगितले की तुमचे बरोबर होते. ते म्हणाले, "मला ठावं हाय. पण तुमी फोन केला, ह्ये लय झालं." यंदाच्या पावसाळ्यात ते परत वर्गाला आले.

पहिल्या सहा वर्षांतले विद्यार्थी मात्र राहतातच. जपानला पोचलेल्यांपैकी काहींना मी विचारले. एका वेल्डरने सांगितले की पहिले चार महिने लोक त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचे, मग तिथल्या सोबतीने आपोआप जमले. "तुमचं काय चुकलं न्हाई, मॅडम," असेही तो म्हणाला. पण त्या चार महिन्यांत त्याला स्वतःचेच काहीतरी चुकते आहे असे वाटत राहिले होते. ते महिने माझ्या खात्यावर आहेत. जे मुलाखतीतच नाकारले गेले, त्यांना कारण कोणी लिहून कळवले नव्हते. त्यांचे मला सांगता येत नाही.

हवालदार अजूनही दर गुरुवारी येतात. न्यायला कोणी नसते. तुकडी गच्चीत रांगेत उभी राहते, दहा मिनिटे कवायत होते, मग ते खुर्ची घेऊन बाहेर बसतात आणि वर्ग ऐकतात. मुले त्यांना उस्ताद म्हणतात, मला सेन्सेई. मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर मी त्यांना विचारले, रोहिणीचा फोन येतो का.

"ऐतवारी येतो," ते म्हणाले. "पण तुमी तिची बोलीच बदलून टाकली. आता मराठीतबी सावकाश बोलती. मी इचारतो, जेवलीस का? तर गप. मला वाटायचं लाइन कट झाली. हॅलो हॅलो करून ठिवून द्यायचो. मग तिचाच फोन, आण्णा, ठिवला का म्हणून."

"मग आता काय करता?"

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली, सरळ केली.

"आता काय," ते म्हणाले. "मनात दो-तीन म्हणतो. तवर बोलती."